चटक्यासाठी सरपण

कूलरमध्ये पुन्हा पाणी नव्हतं.

अकोल्यातली मे महिन्यातली दुपार होती. कूलरचा पंखा कोरड्या टाकीवर गरगरत होता आणि सुकून खडखडीत झालेल्या वाळ्याच्या ताट्यांमधून भट्टीतली हवा माझ्या तोंडावर फेकत होता. हे दुसऱ्या कुणाच्या घरी झालं असतं तर मी समजूनही घेतलं असतं. पण माझ्या नवऱ्याचं कूलरचं दुकान आहे. मार्च लागला की अर्ध्या शहराच्या ताट्या हा माणूस बदलून देतो, पंप दुरुस्त करतो आणि वर गिऱ्हाइकांना बजावतो, की टाकी सकाळीच भरत जा, पंप कोरडा चालला की जळतो.

"पाणी नाही भरलं?" मी विचारलं.

"विसरलो," नंदकिशोर म्हणाले. फोनवरून मान वर केली नाही. "तू भरून टाक ना. तशीही काय करून राहिली तू?"

माझ्या मनगटावरचं कडं गरम झालं. भिंतीवरच्या पडद्यात पेंगत पडलेला चटका उठून बसला. मुंगसाएवढा, तांबूस, झुपकेदार शेपटीचा. पाठीच्या कण्यावरचे विझत आलेले निखारे एकेक करून लाल झाले आणि त्याने माझ्याकडे पाहून समाधानाने जांभई दिली. दुसऱ्या दिवशी आमचा सामना होता. तो आम्ही जिंकलो.

त्या वर्षी माझा संसार आणि माझं यश यांची तोंडं अशी विरुद्ध दिशांना झाली होती. घरात जेवढं बिनसेल तेवढं बाहेर नाव होत होतं.

रणजीव हा खेळ आता घरोघरी पोचलाय, तरी ज्यांच्या घरी नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. झुंजणारे प्राणी पाळायचे आणि पडद्यावर एकमेकांशी लढवायचे, असे खेळ माझ्या लहानपणीही होते. तेव्हा प्राण्याची ताकद खेळात आधीच ठरलेली असायची. बटण दाबलं की आग, दुसरं दाबलं की पाणी. रणजीवने ती ताकद खेळणाऱ्याच्या अंगातून घ्यायला सुरुवात केली. मनगटावरच्या यंत्रांना काळजाचे ठोके मोजता येतच होते, पण ठोके वाढले म्हणजे माणूस चिडला, घाबरला की हरखला, हे त्यांना सांगता येत नव्हतं. मग कुणीतरी हातांकडे पाहिलं. भीती वाटली की हात गार पडतात, राग आला की ते गरम होतात. शरीर रक्त कुठे पाठवतं त्यावरून त्याचा बेत कळतो, पळायचा की भिडायचा. त्याच्या जोडीला घामातली दोन-तीन रसायनं मोजली की कुठली भावना किती खरी, याचा ठसा मिळतो. आमचं कडं तो ठसा वाचतं.

त्यावरून जिवांच्या जाती ठरल्या. खेळात या प्राण्यांना जीव म्हणतात. जलजातीच्या जिवाला संथ श्वास लागतो, शिळेच्या जिवाला हट्ट, वनस्पतीला माया आणि अग्नीला राग. नाटक चालत नाही. दातओठ खाऊन पाहिले, टेबलावर मुठी आपटून पाहिल्या, कडं ढिम्म. राग खरा लागतो, ताजा लागतो आणि कुणावर तरी असावा लागतो.

मी वनस्पती मागितली होती. कड्याने आठवडाभर मला तपासलं आणि अग्नी दिला. आमच्या महिला मंडळात हशा पिकला. आधी आम्ही मंगळागौरीच्या खेळांच्या स्पर्धांना जायचो, मग एकेकीचे गुडघे बोलायला लागले आणि मंडळ फुगड्यांवरून रणजीववर आलं. त्यात मी सगळ्यांत मवाळ. मंडळाच्या जेवणाला नवरेमंडळीही होती. नंदकिशोर सगळ्यांसमोर म्हणाले, "हिला अग्नी? अहो, हिला धड रागावतासुद्धा येत नाही. हिच्याच्यानं काही होत नाही." सगळे हसले. मीही हसले. त्याच आठवड्यात मी पहिला सामना खेळले आणि चटक्याने समोरचा वेताचा राक्षस एका फटक्यात राख केला. तो राग कुठून आला, कुणाला कळलं नाही, मला कळलं.

अग्नी कुठे चालतो आणि कुठे पडतो, हे मी शिकत गेले ते हरत हरत. शिकवायला कोण होतं? अग्नी लवकर पोचतो आणि जोरात लागतो. झाडं जाळतो, किडे भाजतो, बर्फ वितळवतो. आणि पोलाद. पोलादी जिवांवर बाकी कुणाचं फारसं चालत नाही, ते अग्नीपुढे पातळ होतात. म्हणून प्रत्येक संघाला एक अग्नी हवाच असतो. पण त्याला पाणी, माती आणि दगड सोसत नाहीत, आणि या तीन गोष्टी जगात कुठे नाहीत? अंगात दम बेताचा, त्यामुळे पहिला फटका आपला बसला नाही तर दुसरा मारायला उरत नाही. 'वणवा' हा त्याचा सगळ्यांत मोठा डाव, पण तो लावला की स्वतःही भाजून निघतो. सगळ्यांत वाईट म्हणजे, समोरच्याने मैदानात खडे पसरून ठेवले, की अग्नीचा जीव मैदानात पाऊल टाकतानाच चौथाई रक्त सांडतो. एकदा बाहेर गेला, परत आला, की पुन्हा चौथाई. आत-बाहेर करणं त्याला परवडतच नाही.

आणखी एक डाव असतो, धग. त्यात जोर नाही. समोरच्याला ती नुसती लागून राहते, त्याला दर फेरीला थोडं झिजवते, त्याच्या अंगातला मार निम्मा करते. मला तो डाव कधी आवडला नाही. स्वयंपाकघरात भांडी आपटण्यासारखा वाटायचा.

आमचं नशीब एवढंच, की मैदानावरचं हवामान यजमान गावाच्या खऱ्या हवामानाला बांधलेलं असतं. उन्हात अग्नीचं बळ दीडपट होतं आणि पाण्याचं निम्मं. अकोल्याचं ऊन कधी कुणाच्या कामी आलं असेल तर ते आमच्या.

माझी जोडीदार इंदूताई तायडे. अंगणवाडीतून निवृत्त झालेली, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी, समोरच्या संघातल्या बायकांनाही लाडू बांधून देणारी. तिचा जीव वनस्पतीचा, दोडकी नावाचा वेल. अग्नी आणि वनस्पती ही जोडी मुळात चांगली. मला जे तीन शत्रू खातात, त्या तिघांना दोडकी खाते. पाणी पिते, माती भेदते, दगड फोडते. आणि इंदूताईची माया कधी आटत नाही, त्यामुळे दोडकी कायम हिरवी. प्रश्न माझा होता. माया पुन्हा पुन्हा देता येते, राग तसा जाळता येत नाही.

हे मी माझ्या मनचं सांगत नाही, कड्यावर काम करणाऱ्यांनीच लिहून ठेवलंय. तीच आठवण दुसऱ्यांदा काढली की शरीर अर्धाच राग देतं. तिसऱ्यांदा पाव. शरीराला सवय होते. त्यामुळे अग्नीचे खेळाडू पहिल्या हंगामात चमकतात आणि तिसऱ्यात विझतात. रोज नवं सरपण लागतं. पुण्यात म्हणे चिडवायला माणसं भाड्याने मिळायला लागली, सामन्याच्या आधी येऊन तासभर तुमच्या वर्मावर बोट ठेवून जातात. नागपूरच्या एका खेळाडूने नवऱ्याशी समेट केला आणि त्याच महिन्यात संघातून नाव गेलं. मला भाड्याचं माणूस लागलं नाही. माझ्या घरात होतं.

त्या हंगामात काय काय झालं ते आठवलं तरी हात गरम होतात. म्हणजे, तेव्हा होत होते. एका सामन्याच्या सकाळी नणंद, तिचे यजमान आणि त्यांचं सगळं गणगोत न सांगता दारात उभं. "अगं, यानेच बोलावलं, पुरणपोळी आहे म्हणाला." मी पुरण वाटलं आणि संध्याकाळी चटक्याने दोन बर्फाळ अस्वलं वितळवली. एकदा माझं नाव पेपरात आलं, तर नंदकिशोरांनी त्याच पानावर कूलरचा पंप उघडून ठेवला. ओला टॉवेल तर रोजचाच. पलंगावर, माझ्या बाजूला, माझ्या उशीवर. सत्तावीस वर्षं. त्याला मी सरपणात धरत नव्हते, ते आमच्या घराचं हवामान होतं.

आणि कुरडया. उपांत्य सामन्याच्या आधी मी कुरडया घातल्या होत्या. गहू भिजवायचे, वाटायचे, चीक काढायचा, पहाटे शिजवायचा आणि हात भाजत सोऱ्यातून गच्चीवर घालायच्या. वर्षभराचं वाळवण. दुसऱ्या दिवशी सरावाला जाताना मी नंदकिशोरांना एकच काम सांगितलं, की ऊन उतरेपर्यंत गच्चीवर बसा, कबुतरं येतात. परत आले तर गच्चीवर नुसतं धोतराचं पान, त्यावर चार तुकडे.

"चहाला खाली आलो होतो," ते म्हणाले. "कबुतरांनी खाल्ल्या. काय झालं मग, विकत मिळतात ना."

मी सोऱ्या धुतला, पुसला आणि माळ्यावर टाकला. उपांत्य सामन्यात वर्ध्याच्या संघाचा पोलादी बैल होता, ज्याला त्या हंगामात कुणी हरवलं नव्हतं. चटक्याने वणवा लावला तेव्हा पडद्यावर काही क्षण नुसता पांढरा उजेड होता.

टाळ्या थांबायच्या आत मी ठरवून टाकलं होतं. लेक ऋता पुण्यात असते, एक खोली तिने माझ्यासाठी केव्हाची मोकळी ठेवली आहे. मी तिला फोन करून कळवलं, की अंतिम सामना झाला की येते. तिने विचारलं, किती दिवसांसाठी, तर मी सांगितलं की ते नंतर पाहू. ती म्हणाली, तिकीट मी काढते. हुशार आहे. रात्रीच्या जेवणाला मी नंदकिशोरांना सांगितलं, "फायनल झाली की पुण्याला जाते. परत कधी, ते विचारू नका."

ते भातात ताक कालवत होते. हात थांबला, पुन्हा सुरू झाला.

"बरं," ते म्हणाले.

एवढंच. सत्तावीस वर्षांवर एक 'बरं'. चटका त्या दिवसापासून अंतिम सामन्यापर्यंत विझलाच नाही.

अंतिम सामना अकोल्यातच होता, नगरभवनात, दुपारी. समोर गुहागरच्या दोघी जावा. एकीकडे पाणमांजर, दुसरीकडे डोंगराएवढं दगडी कासव. पाणी आणि दगड, दोन्ही माझे वैरी. पण बाहेर पारा शेहेचाळिसावर होता आणि आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. जाणकारांनी आम्हालाच कौल दिला होता. माझं सरपण रचून तयार होतं. ते 'बरं' मी जपून ठेवलं होतं, एकदाही न वापरता.

इंदूताईचं घर नगरभवनाच्या मागेच, म्हणून जेवायला तिच्याकडे गेले. तिने पानं मांडली होती, वरणभात, आंब्याचं लोणचं. तळणाचा वास येत होता. पाणी घ्यायला आत गेले तर ओट्यावर एक स्टीलचा डबा, झाकण काढून ठेवलेला, आणि झाकणावर ठोकलेलं नाव.

आमच्याकडे लग्नात दिलेल्या भांड्यांवर नाव घालतात. वाटी हरवली, शेजारी गेली, तरी कुणाची ते कळावं म्हणून. त्या झाकणावर लिहिलं होतं: चि. सौ. कां. हर्षदा हिस आईकडून. माझा डबा. दळणाच्या फळीवर मागे ठेवलेला, महिनाभर मी हात न लावलेला. आणि डब्यात काठोकाठ माझ्या कुरडया.

"काऊन व," इंदूताई मागून म्हणाली, "काय पाहून राहिली?" आणि मग तिने डबा पाहिला आणि पदर तोंडाला लावला.

"कबुतरांनी इकडे आणून ठेवल्या का?" मी विचारलं.

"म्या म्हटलं, आजच्या दिवशी तुझ्याच हातच्या दोन तळाव्या तुले," ती म्हणाली. "शुभ असते ना. डब्याचं ध्यानातच नाही राहिलं व माय."

मग तिने सगळं सांगितलं. सांगायचं नव्हतं म्हणे, पण माझा चेहरा पाहून तिला ते पोटात ठेवता येईना. एवढी माया, म्हणूनच तर तिला वनस्पती मिळाली. नंदकिशोर प्रत्येक सामन्याच्या आधी तिच्या पायरीवर येऊन बसत. आता काय करू, विचारत. नणंदेला बोलावणं हे त्यांचंच, आणि नणंदेलाही ते माहीत होतं. बिचारी पुरणपोळी खाताना माझ्या नजरेला नजर देत नव्हती. पेपराच्या आणखी चार प्रती त्यांनी घेऊन दुकानात गुंडाळून ठेवल्या होत्या. कुरडया त्यांनी स्वतः उन्हात बसून वाळवल्या, एकेक उचलून डब्यात भरल्या, आणि चार तुकडे मोडून पानावर टाकले.

"त्या दिशी रडून राहिले होते," इंदूताई म्हणाली. "म्हणे, तिनं सोऱ्या माळ्यावर टाकला. म्हणे, इंदूताई, हे मले आता होत नाही. पण तुझी ती आग पाहिली की म्हणत, अजून एक सामना."

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"तू जिंकून राहिली होती ना व."

मला राग यायला हवा होता. कुणालाही आला असता. नवऱ्याने, नणंदेने, जोडीदाराने मिळून हंगामभर मला खेळवलं. याहून चांगलं सरपण कुठे मिळतं? मी रागावायचा जीव तोडून प्रयत्न केला. डोळ्यांसमोर काय येत होतं, तर तो माणूस धोतराच्या पानापाशी उकिडवा बसून, मोडायला कुठल्या चार कुरडया बऱ्या, ते शोधतोय. मला हसू आलं, मग दुसरं काहीतरी. इंदूताईने माझा हात धरला.

"हर्षे," ती म्हणाली, "हात गार पडले तुझे."

नगरभवनात पंखे होते, हवा नव्हती. मी आमच्या टेबलाशी बसले आणि नंदकिशोर गर्दीतून वाट काढत आले. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. त्यांना काही माहीत नव्हतं. ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तुझा चष्मा घरीच राहिला. मी म्हटलं, तसंही काय दिसतंय हिला."

मागच्या रांगेतल्या दोघी हळहळल्या. एरवी एवढ्यावर चटक्याने टेबल पेटवलं असतं. मी नंदकिशोरांकडे पाहिलं. उजवा हात पँटच्या खिशावर होता, आणि खिसा चष्म्याच्या घराच्या आकाराचा फुगला होता.

"खिशात आहे तुमच्या," मी म्हणाले. "द्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग इंदूताईकडे. तिने मान खाली घातली. त्यांनी चष्मा काढून माझ्यासमोर ठेवला, आणि ज्या आवाजात ते गिऱ्हाइकाला पंप जळाल्याचं सांगतात त्या आवाजात म्हणाले, "आज नको होतं कळायला."

सामन्याचं फार सांगत नाही. प्रत्येकीकडे दोन जीव, एक मुख्य, एक राखीव. कासवाने पहिल्याच फेरीत आमच्या बाजूला खडे पसरले. मी वणवा लावला. चटक्याने तोंड उघडलं आणि विझलेल्या चुलीतून निघतो तसा थोडा धूर निघाला. मागून कुणीतरी म्हणालं, काय झालं बाप्पा याले.

मी त्याला मागे घेऊन राखीव भुंगा पुढे केला. कासवाने त्याला एका दगडात लोळवलं आणि चटक्याला खड्यांवरून परत यावं लागलं, चौथाई रक्त सांडत. ही माझी चूक, आणि ती मीच मला शिकवलेला पहिला धडा मोडून केलेली.

शेजारी इंदूताईची दोडकी मात्र जी वाढत सुटली होती, तसं मी कधी पाहिलं नव्हतं. मनावरचा भार उतरलेल्या बाईची माया. वेल पडद्याबाहेर जातो की काय असं वाटत होतं. मग मला तो नावडता डाव आठवला. धगेला राग लागत नाही, फक्त स्थिर हात लागतो. मी कासवाला धग लावली. त्याचा मार निम्मा झाला, दोडकीने ते दगड सोसले आणि कासवाला विळखा घालून फोडलं. सभागृहात टाळ्या सुरू झाल्या. त्या दोघी जावांचे राखीव जीवही याच रीतीने गेले. मी धग लावायची, इंदूताईने आवळायचं. मला पहिल्यांदाच वाटलं, की या डावाला मी उगाच नावं ठेवत होते.

राहिलं पाणमांजर. त्यालाही मी धग लावली, पण ती फक्त अंगाचा मार निम्मा करते, पाण्याच्या फवाऱ्याला काही करत नाही. आणि जलवाले वनस्पतींसाठी बर्फाचा एक डाव हमखास बाळगतात. तो दोडकीला लागला आणि एवढा वेल पानं मिटून खाली बसला. इंदूताईचा राखीव जीव पुढच्या फवाऱ्यात गेला.

मग चटका एकटा आणि पाणमांजर. आमचं ऊन. पाण्याचं बळ निम्मं, आमचं दीडपट, आणि पाणमांजर धगेने झिजलेलं. एक वणवा पुरला असता. मोठाही नको होता. मला फक्त एक राग हवा होता, एवढासा. मी कूलरची आठवण काढली, तर पायरीवर बसलेला माणूस दिसला. पेपर काढला, तर दुकानात गुंडाळलेल्या चार प्रती. ते जपून ठेवलेलं 'बरं' काढलं, तर ताकभातात थांबलेला हात. हंगामभराचं सरपण एका दुपारी ओलं झालं होतं. नशिबाला शिव्या दिल्या. पण नशीब समोर बसलेलं नसतं. त्याच्यावर कडं तापत नाही.

चटक्याने माझ्याकडे मागे वळून पाहिलं. वाट पाहत होता. मग फवारा आला.

गुहागरच्या जावांनी आम्हाला मिठ्या मारल्या. इंदूताईने त्यांना लाडवांचा डबा दिला, तिने तो आधीच बांधून आणला होता. मी सगळ्यांना हसून उत्तरं दिली आणि रिक्षाने घरी आले. हरल्याचं दुःख होतं, पण त्याहून जास्त एक चिडचिड होती, जिला कुठलाच दोषी सापडत नव्हता. माझा पराक्रम माझा होता की पायरीवर ठरलेला? आणि ज्या माणसाला सोडून जायचं मी ठरवलं होतं, तो माणूस तर घरात नव्हताच, नंदकिशोर फक्त त्याचं सोंग वठवत होते.

संध्याकाळ झाली होती. नंदकिशोर माझ्या आधी पोचले होते आणि बादलीने कूलरमध्ये पाणी भरत होते. नव्या ताट्या लावल्या होत्या. वाळ्याचा वास घरभर. माझी बॅग दाराशी होती, ती त्यांनी हलवली नव्हती.

मी खुर्चीत बसले आणि विचारत गेले. कूलर? मुद्दाम, ते म्हणाले. पेपर? मुद्दाम. माझ्या भाजीला नावं ठेवलीत ते? मुद्दाम, त्या दिवशी दोनदा वाढून घ्यायचं होतं. प्रत्येक उत्तर देऊन ते बादली भरायला जात आणि परत येत.

"आणि ते 'बरं'?"

त्यांनी बादली टाकीच्या काठावर टेकवली. "ते नाही. तेव्हा दुसरं काही सुचलं नाही."

"आणि मंडळाच्या जेवणाला म्हणालात ते? हिच्याच्यानं काही होत नाही?"

याला उत्तर देताना ते खोटं बोलू शकले असते. मुद्दाम म्हणाले असते तर मी मान्यही केलं असतं, सोपं पडलं असतं दोघांना.

"ते खरंच वाटलं होतं मला," नंदकिशोर म्हणाले. "मग तू जिंकलीस. मी तिथे मागे उभा होतो. मला वाटलं, आपण केवढं चुकलो. आणि मग वाटलं, आणखी चुकीचं ठरावं. जेवढं जमेल तेवढं."

कड्याखाली काहीतरी हललं. राग नव्हता, किंवा नुसता राग नव्हता. सत्तावीस वर्षांत या माणसाने माझी केलेली सगळ्यांत मोठी स्तुती ही, आणि ती करायला त्याने माझ्या कुरडया चोरल्या.

फोन वाजला. ऋताचा व्हिडिओ कॉल. सामना तिने पाहिला होता. आई, तिकीट उद्याचंच ठेवू ना, एवढंच तिने विचारलं. मी म्हटलं थांब जरा, तोंड धुऊन सांगते. आणि आत गेले.

पलंगावर, माझ्या बाजूला, माझ्या उशीवर, ओला टॉवेल.

मी तो दोन बोटांनी उचलून बाहेर आले. हंगाम संपला होता. चषक गुहागरला निघाला होता. आता कुणाला कशाचीच गरज नव्हती.

"आणि हा?" मी विचारलं.

नंदकिशोरांनी टॉवेलकडे पाहिलं, मग माझ्याकडे, अगदी निष्पाप चेहऱ्याने.

"तो होय," ते म्हणाले. "तो मी विसरतो."

कडं असं तापलं की मला ते मनगटावरून वर सरकवावं लागलं. भिंतीवरच्या पडद्यात, दुपारपासून राखेचा गोळा होऊन पडलेला चटका ताडकन उभा राहिला. शेपटीपासून कानापर्यंत पेटला. उपांत्य सामन्यातही तो एवढा पेटला नव्हता. या एका टॉवेलवर पाणमांजर काय, अख्खी गुहागरची खाडी आटली असती. तीन तास उशीर.

फोन अजून चालूच होता. "आई?" ऋता म्हणत होती. "काय झालं? कसला उजेड आहे तो?"

मी टॉवेल नंदकिशोरांच्या हातात दिला आणि दोरीकडे बोट दाखवलं. ते मुकाट्याने वाळत घालायला गेले, आणि एक टोक जमिनीला टेकवून आले.

"तिकीट आठ दिवसांनी सरकव," मी ऋताला म्हणाले. "आणि परतीचंही काढ. पुढचा हंगाम जूनमध्ये आहे."